जुनी लिव्हर ॲक्शन रायफल: ओळखायची कशी, घ्यायची कुठून, अन साफ करताना हात कुठं थांबवायचा

आधीच सांगतो, हा लेख गोळी झाडायला शिकवणारा नाही. वारशाने आलेली किंवा लायसन्सवर रीतसर घेतलेली जुनी लिव्हर ॲक्शन रायफल (चापाखालची दांडी खाली-वर करून काडतूस चढवायची) ज्यांच्याकडं आहे अन ती आहे तशी पुढच्या पिढीच्या हातात द्यायची आहे, त्यांच्यासाठी आहे. मराठवाड्यात अशी हत्यारं ढिगानं नाहीत, पण आहेत. देशमुखांच्या गढ्या, जहागीरदारांचे वाडे, निजामाच्या काळात नोकरीला असलेल्यांची घरं, अशा ठिकाणी ट्रंकेत नाहीतर माळवदाखालच्या खोलीत कापडात गुंडाळून ठेवलेली निघते. अन माझ्या बघण्यात तरी असं आहे की ही हत्यारं गंजानं जेवढी खराब झाली नाहीत तेवढी हौशीनं खराब झालीत. कोणीतरी पॉलिशवाल्याकडं नेऊन चकाचक करून आणली, झालं वाटोळं.

आधी ही खरंच लिव्हर ॲक्शन आहे का ते बघा

आपल्याकडं चापाखाली कसलीही दांडी दिसली की "विंचेस्टर आहे विंचेस्टर" म्हणून मोकळे होतात. तसं नसतंय. हिंदुस्थानात चापाखाली लिव्हर असलेली जी जुनी बंदूक जास्त सापडते ती मार्टिनी-हेन्री, ब्रिटिश फौजेनं १८७१ साली घेतलेली. तिची लिव्हर खाली केली की आतला ठोकळा खाली झुकतो अन तुम्ही हातानं एक काडतूस ठेवायचं, एक गोळी झाली की पुन्हा तेच. मॅगझिन, म्हणजे काडतुसं साठवायची जागा, नाहीच. अन तिच्यात बाहेर घोडाही दिसत नाही. शिवाय सरहद्दीकडच्या गावठी कारागिरांनी तिच्या नकला भरमसाठ केल्यात, त्यांच्यावरचे शिक्के नीट वाचले तर स्पेलिंग चुकलेलं किंवा अक्षर उलटं निघतं. दुसरा घोळ होतो तो अंडरलिव्हर एअरगनचा, तिच्यात दांडी खाली ओढून हवा दाबतात, तो मामलाच वेगळा.

आपण ज्याबद्दल बोलतोय ती म्हणजे अमेरिकन पद्धतीची रिपीटर. नळीच्या खाली नळीएवढीच लांब किंवा थोडी आखूड मॅगझिन ट्यूब, उजव्या बाजूला रिसीव्हरवर (नळीच्या मागचा, यंत्रणा असलेला लोखंडी सांगाडा) काडतूस आत ढकलायचं छोटं झाकण, बाहेर दिसणारा घोडा, अन चापाच्या कडीलाच जोडलेली लिव्हर. लिव्हर खाली-वर केली की रिकामं काडतूस बाहेर, नवीन आत. याची सुरुवात १८६० च्या हेन्री रायफलपासून, तिच्यात १६ काडतुसं बसायची. नंतर विंचेस्टर कंपनीनं १८७३ चं मॉडेल काढलं. मग जॉन ब्राउनिंग नावाच्या माणसानं १८८६, १८९२ अन १८९४ ची मॉडेलं डिझाइन करून दिली, अन त्यातली १८९४ वाली तर सत्तर लाखांच्या वर बनली, २००६ पर्यंत मूळ कारखान्यात चालू होती. तिच्या बरोबरीनं मार्लिन कंपनीच्या रायफली आहेत, त्यांचं काडतूस वरून न पडता बाजूनं पडतं अन रिसीव्हर वरून बंद असतो, ओळखायला हीच खूण पुरेशी.

आता नंबर शोधा. १८७३ वर तो खाली, चापाच्या मागं दस्त्यात घुसलेल्या लोखंडी पट्टीवर असतो. १८९२ अन १८९४ वर रिसीव्हरच्या पोटाला, एकदम पुढच्या बाजूला, मॅगझिन ट्यूब जिथं आत जाते तिथंच मागं. तिथं मळ साचून नंबर बुजलेला असतो, लाकडी टूथपिकनं खरवडा, सुईनं नाही. १८७३ मध्ये कॅलिबर, म्हणजे काडतुसाचं माप, बघायचं तर काडतूस वर उचलणारा पितळी ठोकळा असतो त्याच्या खालच्या बाजूला बघा, अन तिथं काहीच लिहिलेलं नसलं तर घाबरू नका, सुरुवातीची सगळी ४४-४० नावाच्या काडतुसासाठीच होती म्हणून लिहायची गरजच नव्हती. १८९४ वर जुन्या काळात "मॉडेल १८९४" असं पूर्ण लिहायचे, नंतर नुसतं "मॉडेल ९४" झालं. अन १९६४ नंतरचा माल वेगळा, त्या साली कंपनीनं स्वस्तात बनवायची पद्धत आणली, म्हणून जाणकार लोक "६४ च्या आधीची का नंतरची" हा प्रश्न पहिला विचारतात.

नळीवर आणखी काय काय शिक्के आहेत ते भिंग लावून उतरवून घ्या. माल इंग्लंडमार्गे आला असेल तर ब्रिटिश प्रूफ हाउसचे, म्हणजे नळी दाब सोसते का ते तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के असतात, अन १९२५ नंतरच्या काही वर्षांत "हा माल इंग्लिश बनावटीचा नाही" अशा अर्थाचा इंग्रजी शिक्काही मारायचे. कलकत्त्याच्या मँटन किंवा लायन अँड लायन अशा दुकानांची नावंही जुन्या हत्यारांवर सापडतात. असं नाव तुमच्या नळीवर असेल तर ते पुसट असलं तरी जीव लावून जपा, ते हत्यार कोणत्या वाटेनं आलं त्याचा तोच पुरावा. अमेरिकेत वायोमिंग राज्यात कोडी गावच्या म्युझियमकडं विंचेस्टरच्या कारखान्याच्या जुन्या वह्या आहेत. ते लोक नंबरावरून पत्र देतात की ही रायफल कधी बनली, कोणत्या कॅलिबरमध्ये, नळी गोल का अष्टकोनी. सगळ्या नंबरांचं रेकॉर्ड नाही पण जुन्या मॉडेलांचं बरंच आहे.

कागद, अन हे टाळायचं नाही

आपल्याकडं एक लई मोठा गैरसमज आहे की शंभर वर्षं जुनी आहे म्हणजे अँटिक, लायसन्स लागत नाही. शस्त्र कायदा १९५९, त्यातलं कलम ४५ नीट वाचा. जुनाट पद्धतीचं, पुरातन मोलाचं किंवा मोडकं हत्यार असेल तर सूट आहे, पण अट अशी की ते दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येणार नाही असं पाहिजे. म्हणजे उलटंच झालं बघा, तुमची रायफल जेवढी चांगली टिकलेली तेवढं लायसन्स पक्कं लागणार. अन ती चालते का नाही हे तुम्ही किंवा तुमच्या मामानं ठरवायचं नाही.

वारशाचा मामला असेल तर आर्म्स रूल्स २०१६ मध्ये नियम २५ आहे, लायसन्सदार वारला तर कायदेशीर वारसाला, किंवा लायसन्सदाराचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडं असलं तर तो सांगेल त्या वारसाला लायसन्स देता येतं. बाकीच्या वारसांची ना हरकत लागते, तिथंच भावाभावांत अडतंय सगळं. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडं म्हणजे कलेक्टर ऑफिसला, संभाजीनगर शहरात पोलिस आयुक्तालयात. अन २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं, आधी तीन चालायची, वारशाचं हत्यारही या दोनातच मोजतात. तुमच्याकडं आधीच दोन असतील तर घरातल्या दुसऱ्या कोणाच्या नावानं अर्ज करायचा विचार आधीच करून ठेवा.

मराठवाड्याची एक वेगळी गंमत म्हणजे जुने कागद उर्दूत असतात. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो अन कारभार उर्दूत चालायचा. त्यामुळं ट्रंकेत रायफलीसोबत काही पिवळा कागद निघाला, शिक्का मारलेला, तर तो रद्दीत नका टाकू, वाचता येणाऱ्या माणसाकडून वाचून घ्या, त्यावर आजोबा-पणजोबांचं नाव अन हत्याराचं वर्णन असलं तर त्याचा अर्जाला आधार होतो.

अन समजा वाडा पाडताना, माळा आवरताना बिनकागदाची रायफल निघाली. कामून निघाली, कोणाची होती हे नंतर बघू. ती गाडीत टाकून "जरा दाखवून आणतो" म्हणून दुकानात न्यायची नाही, बिनलायसन्स हत्यार घेऊन फिरणं हाच गुन्हा आहे. जिथं आहे तिथं राहू द्या, फोटो काढा, वकिलाला विचारा अन पोलिस स्टेशनला लेखी कळवा. हत्यार जमा करून घेतील, पावती घ्या, तिच्यावर नंबर लिहून घ्या, मग लायसन्सची प्रोसेस सुरू करा. सोबत जुनी काडतुसं निघाली तर त्यांना हात लावू नका, हिरवट बुरशीसारखं पितळेवर आलेलं असतं, ते खरवडून बघायची बुद्धी होते लोकांना. काडतुसालाही लायसन्स लागतंच.

विकत घ्यायची असेल तर दोनच रस्ते, लायसन्सवाला डीलर किंवा दुसरा लायसन्सदार जो विकतोय. आपल्याकडं दुकानं कमी, नांदेड-लातूरवाले हैदराबादकडं बघतात, संभाजीनगर-जालन्याचे पुण्या-मुंबईकडं. तुमच्या लायसन्सवर तो बोअर (नळीचं माप) चढतो का, अन लायसन्सची हद्द जिल्हा आहे, राज्य आहे का सगळा देश, हे बयाणा द्यायच्या आधी बघा. बाहेरदेशातून मागवायचं स्वप्न सोडा.

घेण्याआधी काय काय बघायचं

दुकानात गेलं की नळीकडं नंतर बघा, आधी कडा बघा. रिसीव्हरच्या कडा, अष्टकोनी नळीचे कोपरे, हे बोटाला टोचल्यासारखे धारदार लागले पाहिजेत. कोणी पॉलिशच्या चाकावर धरली असेल तर कडा गोल होतात, शिक्क्यातली अक्षरं एका बाजूनं वाहून गेल्यासारखी पुसट दिसतात अन स्क्रूच्या भोकाभोवती बशीसारखा खळगा पडतो. नवीन काळाभोर रंग कितीही सुंदर दिसला तरी हे तीन दिसले की समजायचं मूळ अंग गेलं.

मग लाकूड अन लोखंड जिथं मिळतं तिथं नख फिरवा. कारखान्यातून आलेल्या रायफलीत लाकूड लोखंडापेक्षा किंचित वर असतं, नखाला अडकतं. लाकूड लोखंडापेक्षा खाली गेलेलं लागलं तर दस्ता कोणीतरी पेपरनं घासलाय. ही खूण मला सगळ्यात खात्रीची वाटते, कारण रंग नवीन देता येतो, लाकूड परत वाढवता येत नाही.

स्क्रूची खाच बघा. खाचेची तोंडं फाटलेली, उचकटलेली असतील तर आत कोणीतरी उद्योग करून गेलाय. दस्ता जिथं बारीक होऊन लोखंडाला मिळतो तिथं भेग असते का बघा, ती जागा कमजोर. बुटाला, म्हणजे खांद्याला टेकवायच्या बाजूला, जुन्या रायफलीत लोखंडी चंद्रकोर पट्टी असते, काही १८७३ मध्ये तिच्यात छोटं झाकण असून आत तुकड्यातुकड्याचा साफ करायचा गज ठेवलेला असतो. झाकण आहे अन आत गजही आहे, असं निघालं तर नशीबच म्हणायचं.

नळी बघायची युक्ती सोपी आहे. हत्यार रिकामं आहे याची खात्री करून (कशी ते खाली सांगतो), लिव्हर खाली करून बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी भाग) मागं घ्या, उघड्या जागेत पांढऱ्या कागदाचा तुकडा तिरपा ठेवा अन त्याच्यावर मोबाईलचा टॉर्च मारा, मग तोंडाकडून आत बघा. कागदावरून उजेड परततो अन पेचदार खाचा स्वच्छ दिसतात. खाचांच्या कडा ठळक असल्या, आत नुसता काळपटपणा असला तर ते साफ होतं. बारीक खड्डे असले तर ते कायमचे. नळीच्या तोंडाची कड झिजून एका बाजूला लांबट झालेली आहे का तेही बघा, वर्षानुवर्षं लोखंडी गज तिथून घासत घातला की तसं होतं.

रिकामी करणं

ट्यूब मॅगझिनचा धोका असा की काडतूस दिसत नाही. नळीत उजेड दिसला म्हणजे रिकामी असं नाही, जुनी स्प्रिंग थकलेली असते अन शेवटचं काडतूस ट्यूबमध्ये अडकून राहतं. त्यामुळं हत्यार सुरक्षित दिशेला धरून, बोट चापापासून लांब, लिव्हर पूर्ण खाली-वर करायची, काही निघालं नाही तरी बऱ्याच वेळा करायची. मग बाजूचं झाकण बोटानं दाबून आत बघायचं, ट्यूबमधला लोखंडी किंवा पितळी टोपीसारखा फॉलोअर बोटाला लागला पाहिजे. तो लागत नाही, मधेच काहीतरी अडकलंय अशी शंका आली तर तिथंच थांबा, हत्यार लायसन्सवाल्या गनस्मिथकडं. अन घोडा रिकामाच आपटत बसायचं नाही, जुन्या पोलादाची फायरिंग पिन तुटली तर तसलीच पिन शोधता शोधता पुरेवाट होते.

मराठवाड्यातला खास मळ

आता मुद्द्याचं. आपल्याकडच्या हत्यारांवर जो थर असतो तो अमेरिकेतल्या हत्यारांवर नसतो. दरवर्षी खंडेनवमीला पूजा, पाण्यात कालवलेली हळद, कुंकू, झेंडूचं फूल ठेचून चिकटलेलं, अन वरून तेलाचा हात. ओलं हळद-कुंकू शिक्क्यांत अन स्क्रूच्या खाचांत बसतं अन तिथूनच तांबेरा सुरू होतो. अन तेल कसलं तर घरातलं, आपल्या भागात करडईचं. करडई अन जवस ही दोन्ही वाळणारी तेलं, हवेत राहिली की हळूहळू घट्ट होऊन वार्निशसारखा पिवळा-तपकिरी थर धरतात. पिढ्यानपिढ्यांचा तो थर लिव्हरच्या सांध्यात बसला की लिव्हर जड होते अन लोक म्हणतात "आतून गंजली". बऱ्याच वेळा गंज नसतोच, करडई असते. खोबरेल वाळत नाही पण २४ अंशाच्या खाली थिजतं, परभणीच्या थंडीत सकाळी बघा, घोडा लोण्यात रुतल्यासारखा चालतो.

एक चांगली बाजू पण आहे. हा थर बाहेरून जिथं सलग बसलाय तिथं खालचं लोखंड सुंदर निघतं. म्हणून घासायची घाई करायची नाही.

पूजा बंद करा असं मी म्हणत नाही, घरचे ऐकणारही नाहीत. हत्यारावर स्वच्छ कापड टाका, हळद-कुंकू कोरडं अन कापडावर वाहा, फूल बाजूला ठेवा, अन त्याच संध्याकाळी पुसून घ्या.

सामान

जुन्या धोतराचं मऊ सुती कापड, चौकोनी तुकडे कापून. पितळेचा किंवा प्लास्टिक चढवलेला एकसंध गज. फॉस्फर ब्राँझचा ब्रश, अन इथं लक्ष द्या, ब्रश नावावरून नाही, खऱ्या मापावरून घ्यायचा. ३८-४० नावाचं जे जुनं काडतूस आहे त्याची गोळी प्रत्यक्षात ४० कॅलिबरची असते, ३८ चा ब्रश आत नुसता खुळखुळतो. ३०-३० ला ३० चा बरोबर. दात घासायचा जुना ब्रश, लाकडी टूथपिक, रॉकेल किंवा मिनरल टर्पेंटाइन, शेवटी लावायला गन ऑइल, नाही मिळालं तर शिलाई मशीनचं पातळ तेल चालतं. निळ्या-पिवळ्या डब्यातला फवारा, डब्ल्यूडी-४०, तो ओल काढायला अन अडकलेलं सैल करायला ठीक आहे, पण वर्षभर राखायला नाही, त्याचा थर फारच पातळ राहतो. स्क्रू ड्रायव्हर समांतर टोकाचा, खाचेत पूर्ण रुंदीला घट्ट बसणारा पाहिजे. साधा निमुळता घरगुती ड्रायव्हर लावला की खाच फाटलीच.

काय नको ते पण सांगतो: पॉलिश पेपर, ब्रासो, चिंच, लिंबू, तेजाब, ग्राइंडरचं बफ. चिंचेनं तांब्या निघतो तसा पितळी ठोकळाही निघेल, पण १८७३ च्या पितळेवरचा जो मंद तपकिरी रंग आहे तो तयार व्हायला शंभर वर्षं लागलीत.

नळी

बहुतेक विंचेस्टरमध्ये रिसीव्हर मागून बंद असतो, गज मागून घालता येत नाही, तोंडाकडूनच घालावा लागतो. म्हणून तोंडाची कड वाचवायला मझल गार्ड नावाची छोटी पितळी बुशिंग मिळते ती गजावर चढवा, नाही मिळाली तर गज बोटांच्या कैचीत मधोमध धरून सावकाश घाला. मार्लिनवाल्यांचं बरं असतं, लिव्हरचा एक मोठा स्क्रू काढला की लिव्हर निघते, बोल्ट मागं सरकून बाहेर येतो अन मागून सरळ साफ करता येतं, फक्त आतला इजेक्टर नावाचा छोटा तुकडा सुटून पडतो तो खाली कापड अंथरून धरायचा.

रिसीव्हरच्या उघड्या जागेत कापड कोंबा, म्हणजे घाण ॲक्शनमध्ये (आतल्या यंत्रणेत) उतरणार नाही, अन हत्यार तोंड खाली करून कामाला लागा. पहिला तुकडा तेलाचा नाही, गरम पाण्याचा. जुन्या काडतुसांच्या बुडाच्या टोपीत, जिथं ठिणगी पडते तिथं, पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळाल्यावर पोटॅशियम क्लोराइड म्हणजे मिठाच्या जातीचा क्षार उरतो. तो हवेतली ओल ओढतो अन पावसाळ्यात नळी आतून खातो. तेलात तो विरघळत नाही, पाण्यात विरघळतो. काळ्या दारूच्या, म्हणजे जुन्या धूर करणाऱ्या बारुदीच्या, राखेचंही तेच. गरम पाण्यात चिमूटभर साबण घालून दोन-तीन तुकडे, मग साधं गरम पाणी, मग लगेच कोरडे तुकडे ओल जाईपर्यंत, अन मग रॉकेलचा तुकडा घालून थोडा वेळ राहू द्या. हे उरकल्यावर ब्रश. ब्रश पूर्ण पलीकडं निघाल्याशिवाय मागं ओढायचा नाही, मधेच उलटवला की तारा मोडतात. शेवटी कोरडा तुकडा, मग तेलाचा हलका हात. दुसऱ्या दिवशी परत एक कोरडा तुकडा घालून बघा, त्याच्यावर तांबूस आलं तर सगळं पुन्हा. पहिल्याच बैठकीत नळी आरशासारखी करायचा हट्ट धरू नका, जुना थर तीन-चार बैठकांत उतरतो.

ॲक्शन अन बाहेरचं अंग

आतलं सगळं खोलायची गरज शंभरात नव्वद वेळा पडत नाही. १८९४ आतून वाटते त्यापेक्षा किचकट आहे, खोलायला सोपी, बसवायला नाही. लिव्हर उघडी ठेवा, सांध्यांत टर्पेंटाइनचे थेंब सोडा, तासाभरानं जुन्या टूथब्रशनं हलवा, पिवळा चिकट रस निघतो तो पुसत राहा, लिव्हर हळू चालवत राहा. लई जुना करडईचा थर असेल तर रात्रभर ठेवावं लागतं. वाळल्यावर प्रत्येक सांध्याला एकेक थेंब तेल, बास.

बाहेर लाल, बोटाला पावडर लागणारा तांबेरा तेवढाच शत्रू. घट्ट बसलेला गडद तपकिरी रंग आहे तो राहू द्या. लाल जागेवर तेल लावून दिवसभर ठेवा, मग जुना तांब्याचा पैसा घ्या, घरात देव्हाऱ्याच्या डबीत असतोच, त्याची कड तेलासकट त्या जागेवर हलक्या हातानं फिरवा. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळं गंजाची खपली उचकटते अन खालची ब्लूइंग (पोलादावरचा कारखान्यातला निळसर-काळा रंग) राहते. तेल तपकिरी होतं, पुसा, परत थेंब, परत फिरवा. बारीक ठिपक्यांना चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून चालते, पण आधी दिसणार नाही अशा जागी करून बघा अन दोन-चार हात मारून थांबा. शिक्के, नेम धरायची पुढची माशी, घोड्यावरची जाळी, इथं वूल न्यायचीच नाही, टूथपिक अन तेल.

विंचेस्टरच्या रिसीव्हरवरची ब्लूइंग पापुद्र्यासारखी जाऊन खाली राखाडी दिसतं, तो गंज नाही, त्या मॉडेलांचा स्वभाव आहे. तो बघून नवीन ब्लूइंग करायला देऊ नका, मूळ रंग तीस टक्के राहिलेली रायफल नव्यानं काळी केलेल्या रायफलीपेक्षा जाणकाराला केव्हाही जास्त मोलाची.

दस्ता

सुताराला दाखवू नका. चांगला माणूस असला तरी त्याचा हात सवयीनं पेपरकडंच जातो. अक्रोडाचं लाकूड आहे, कोरड्या कापडानं पुसा, मग टर्पेंटाइननं किंचित ओलं केलेल्या कापडानं वरचा काळा मळ काढा, हातानं धरायच्या जागी घामाचा अन तेलाचा थर जास्त असतो. लाकूड सुकून पांढरट पडलं असेल तरच जवसाचं तेल, ते आपल्याकडं घाण्यावर ताजं मिळतंय. तळहातावर दोन थेंब घेऊन चोळायचं, गरम होईपर्यंत, अन जादाचं लगेच पुसून टाकायचं. कच्चं जवस वाळायला दिवस घेतं, म्हणून दुसरा हात आठवड्यानं. जेच तेल लाकडाला चांगलं तेच लोखंडाच्या सांध्यात वाईट, तिथं जाऊ देऊ नका.

अन तेलाच्या चिंध्या! जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या की वाळता वाळता आपोआप तापतात अन पेट घेतात. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली तर विचारूच नका. पाण्यात भिजवून टाका किंवा दोरीवर मोकळ्या वाळत घाला.

ठेवायचं कसं

कातड्याच्या किंवा कॅनव्हासच्या म्यानात ठेवून विसरायचं नाही, कातडं ओल धरतं अन कमावताना वापरलेले क्षार लोखंडाला लागतात. प्लास्टिकची पिशवी तर त्याहून वाईट. कुलूपबंद कपाट, मातीच्या बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नको, आत सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की तापवून परत वापरायची. तेल लावल्यावर पहिले काही दिवस नळी खाली, दस्ता वर असं उभं ठेवा, नाहीतर जादा तेल ओघळून दस्त्याच्या तोंडात मुरतं अन तिथलं लाकूड कुजल्यासारखं मऊ पडतं. मराठवाड्यात उन्हाळा कोरडा, हत्याराला बरा, लाकडाला वाईट. जून लागला की उलटं. जून ते सप्टेंबर पंधरा दिवसांनी एकदा बाहेर काढून कोरडं पुसून तेलाचा हात, एरवी दोन महिन्यांनी चालतं. हाताळून ठेवताना बोटांचे ठसे पुसाच, घामाचं मीठ ब्लूइंगवर बोटाच्या आकाराचा गंज उमटवतं.

झाडायचा विषय निघतोच म्हणून सांगतो. १८७३ काळ्या दारूसाठी बनलेली, तिची आतली सांध्याची रचना आजच्या काडतुसाचा दाब सोसायला नाही. १८९४ पोलाद बदलून बिनधुराच्या ३०-३० साठी १८९५ पासून मिळायला लागली, तरी तिलाही गनस्मिथनं हेडस्पेस (बसलेलं काडतूस अन बोल्ट यांच्यातली फट) तपासल्याशिवाय काडतूस दाखवायचं नाही.

शेवटचं काम इलेक्शनचं. आचारसंहिता लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते, अन मालखान्यात ते महिना-दोन महिने कसं पडून राहील ते आपल्या हातात नसतं. जमा करायच्या आदल्या दिवशी नळीत नेहमीपेक्षा जाड तेल, बाहेरून पण, अन तेलात भिजवलेल्या सुती कापडात गुंडाळा. चारही बाजूंनी, नंबरासकट फोटो काढा, दस्त्यावर आधीपासून असलेल्या ओरखड्यांचे पण. लायसन्सवाल्या डीलरकडं जमा करायची सोय असेल तर तिकडं द्या, थोडं भाडं लागतं पण हत्यार उभं अन कोरडं राहतं. पावतीवर मॉडेल, बोअर अन नंबर तिथंच उभं राहून वाचा, "जुनी रायफल एक" असं लिहून देतात ते चालवून घ्यायचं नाही. परत आली की कापड सोडून फोटोशी जुळवून बघा, मग नळीतलं जाड तेल काढून टाका.